आदिमानवाच्या कादंबऱ्या आवडणाऱ्यांना पुढे काय वाचायला द्यावं?

पंचगंगाकाठ

कोल्हापुरातल्या आमच्या वाचनकट्ट्यासाठी यादी करायची आहे. कट्ट्यावरच्या बऱ्याच जणांनी जीन एम. औएल यांची 'द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर' आणि तिचे पुढचे भाग वाचलेत. आता त्यांना त्याच चवीचं, पण शक्यतो आपल्याकडचं हवं आहे. ऐतिहासिक चालेल, पौराणिक चालेल. मूळ मराठी असेल तर उत्तम, अनुवाद किंवा इंग्रजीही चालेल.

नुसती नावं नकोत. कुणाला का आवडेल आणि वाचताना कुठे अडेल, तेही लिहा. कट्ट्यात सत्तरीच्या एक आजी आहेत, त्या फक्त मराठी वाचतात. बारा-तेरा वर्षांची दोन मुलंही येतात.

जुनी_पोथी

यादीच्या आधी प्रत्येकाला एकच विचारा: औएल वाचताना तुम्ही कुठल्या पानांवर रेंगाळलात? उत्तरं वेगवेगळी येतील आणि त्यावरच पुढचं पुस्तक ठरेल.

काहींना हातांचं काम आवडतं. दगड कसा फोडायचा, कातडं कसं कमवायचं, कुठलं मूळ उकळून जखमेवर लावायचं. काहींना टोळी आवडते: कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, बाहेरून आलेल्या पोरीला आत घ्यायचं की नाही. तिसरी मंडळी समजुतींच्या जगात रमतात, म्हणजे कुलचिन्हं, निषिद्धं, मेलेल्यांशी बोलणं. काही जण निव्वळ रान, नदी आणि ऋतू यांसाठी वाचतात. या चौघांना एकच पुस्तक दिलं तर तिघं ते अर्ध्यावर ठेवतील.

मराठीत 'ऐतिहासिक' म्हटलं की हात आपोआप शिवकाळाकडे आणि पेशवाईकडे जातो. गडबड इथेच होते. 'स्वामी' (१९६२) उत्तम कादंबरी आहे. माधवरावांचं आजारपण कोवाडच्या रणजित देसाईंनी ज्या संयमाने लिहिलंय त्याला तोड नाही. पण तिथलं जग आधीच तयार आहे. वाडा आहे, दफ्तर आहे, खजिना आहे, कारकून आहेत. आदिम कादंबरीत लिपी नाही, नाणं नाही, पगारी शिपाई नाही. टोळीतला प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो आणि रात्रीचं खाणं कुठून आलं हे वाचकाला ठाऊक असतं. म्हणून माझी कसोटी अशी: पुस्तकात कुठेही बोट ठेवा आणि बघा, लोक काय खातायत, ते कुणी आणलं आणि ते मिळालं नाही तर काय होईल, हे लेखक सांगतो का? सांगत असेल तर ते पुस्तक तुमच्या कट्ट्याला चालेल, मग त्याचा काळ कुठलाही असो.

या कसोटीला सगळ्यात चांगलं उतरतं ते भैरप्पांचं 'पर्व'. मूळ कन्नड १९७९ चं, मराठी अनुवाद उमा कुलकर्णींचा. महाभारतातले चमत्कार काढून टाकले तर खाली काय उरतं, याचा इतका सखोल शोध घेणारी दुसरी कादंबरी मला माहीत नाही. देव म्हणजे हिमालयातले लोक, राक्षस म्हणजे अरण्यात राहणारा वेगळा मानवसमूह, नियोग म्हणजे वंश चालवण्याची प्रत्यक्ष रीत आणि त्यातून माणसांच्या मनात होणारी ओढाताण. युद्ध सुरू झाल्यावर धनुष्याच्या टणत्कारापेक्षा सैन्याच्या पोटाचा प्रश्न मोठा होतो. धान्य संपतं, पाणी घाण होतं, प्रेतांचा वास सुटतो, माश्या घोंगावतात. टोळी, समजुती आणि जगण्याची झटापट यांच्यासाठी औएल वाचणाऱ्यांना हे थेट द्या. ज्यांना फक्त दगडाची हत्यारं हवीत त्यांना नको.

तांबडा_पांढरा

'मृत्युंजय' अजून कुणीच कसं घेतलं नाही? आजऱ्याचे सावंत, राजाराम हायस्कूलमध्ये शिकवत होते, १९६७ चं पुस्तक. कोल्हापूरच्या कट्ट्याच्या यादीत ते नसेल तर यादी अपुरी.

जुनी_पोथी

@तांबडा_पांढरा, भाऊ, पुस्तकाच्या थोरवीवर वाद नाही. इथे वाचक कोणता आहे हा प्रश्न आहे. 'मृत्युंजय' सहा जणांच्या तोंडून येते: कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. प्रत्येक जण आपल्या मनाचा तळ उपसतो. भाषा अलंकृत, वाक्यं लांब, भावना कायम टिपेला. औएलचा वाचक तिच्या नायिकेच्या, आयलाच्या हातांकडे बघत आलेला असतो. कर्णाच्या स्वगतात तो तिसाव्या पानापर्यंत 'आता काहीतरी घडू दे' म्हणायला लागतो. पुस्तकात काही कमी आहे म्हणून हे होत नाही, तो चुकीच्या दाराने आत आलेला असतो.

द्यायचंच असेल तर आधी 'पर्व', मग 'मृत्युंजय'. 'पर्व'मध्ये नियोग, सूत आणि क्षत्रिय यांच्यातली भिंत, दासीपुत्रांचं स्थान हे सगळं सामाजिक व्यवहार म्हणून समजलेलं असतं. त्यानंतर कर्णाचं दुःख नुसतं दैवाचं राहत नाही. उलट क्रमाने वाचलं तर 'पर्व' कोरडं वाटतं आणि लोक भैरप्पांवर चिडतात.

तांबडा_पांढरा

क्रम पटला. पण शोणाचा भाग तरी आधी वाचायला द्या. मोठ्या भावाच्या मागे धावणारा धाकटा भाऊ कळायला टोळी असो की चंपानगरी, काही फरक पडत नाही.

मृगनक्षत्र

मूळ मराठीत खरोखरची आदिमानवाची कादंबरी आहे आणि ती कुणी वाचत नाही याचं मनापासून वाईट वाटतं: डॉ. अरुण गद्रे यांची 'एक होता फेंगाड्या'. तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. मांडीचं हाड मोडलेलं जनावर रानात जगत नाही. त्याला पाण्यापर्यंत जाता येत नाही, पळता येत नाही, हाड जुळायच्या आत ते कुणाच्या तरी तोंडी जातं. मग माणसाचं मोडून जुळलेलं जुनं हाड सापडतं तेव्हा त्याचा अर्थ असा की कित्येक आठवडे त्याच्यापाशी कुणीतरी थांबलं होतं, त्याला खायला घालत होतं. जखमीला मागे टाकून पुढे जाणं हाच जिथे नियम आहे, तिथे पहिल्यांदा कुणीतरी थांबतं. कादंबरी त्या थांबण्याची आहे.

अडतं कुठे? सुरुवातीच्या भाषेत. माणसं तुटक बोलतात, नावं रांगडी आहेत, कोण कुठल्या टोळीचा हे पटकन लागत नाही. कागदावर टोळ्यांची नावं आणि त्यांतली माणसं लिहीत गेलात की घोळ संपतो. आजींना हेच पहिलं द्या.

दुसरं व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. यात माणूस जवळजवळ नाहीच, वानरांच्या टोळ्या आहेत. हद्द कुणाची, टोळीचा मुख्य नर कोण, तो म्हातारा झाल्यावर काय होतं, नवा नर आल्यावर आधीच्या पिल्लांचं काय होतं. वानरांच्या वागण्याचा अभ्यास करून लिहिलेलं छोटेखानी पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. टोळीचं राजकारण आवडणाऱ्यांना यापेक्षा नेमकं मराठीत काही देता येणार नाही. पिल्लं मारली जाण्याचे प्रसंग आहेत, तेव्हा लहान मुलांना देताना आधी सांगा.

तिसरं राहुल सांकृत्यायन यांचं 'व्होल्गा ते गंगा'. मूळ हिंदी, मराठी अनुवाद आहे. वीस कथा, इ. स. पू. ६००० पासून १९४२ पर्यंत. तुमच्या कट्ट्याला पहिल्या सात-आठ पुरेत. 'निशा' बर्फाळ व्होल्गाकाठची, स्त्रीच्या सत्तेखालची टोळी. 'दिवा', 'अमृताश्व', 'पुरुहूत' असं करत लोक दक्षिणेकडे सरकतात, गुरं येतात, शेती येते, मग 'सुदास'पाशी राजा येतो. समाज कसा बदलला याचा सांकृत्यायन यांचा आराखडा मॉर्गन आणि एंगेल्स यांच्या मांडणीवर उभा आहे. मातृसत्ता आधी, मग खासगी मालकी, मग पितृसत्ता आणि राज्य. आजच्या अभ्यासात ही शिडी इतकी सरळ मानत नाहीत, हे वाचणाऱ्यांना आधी सांगून ठेवावं. काही पात्रं माणसासारखी न बोलता विचारासारखी बोलतात, तेही खरं. तरी 'निशा'मधली आई आणि मुलीतली स्पर्धा अंगावर येते.

कातळखूण

औएलच्या मूळ सहा भागांबद्दल थोडं, कारण कट्ट्यातले सगळेच ते पूर्ण करायच्या मागे लागतील. पहिला भाग १९८०, शेवटचा २०११. पहिले दोन वाचाच. चौथा भाग डॅन्यूबकाठचा लांबलचक प्रवास आहे. रान-नदी आवडणाऱ्यांना तो सुखाचा, बाकीच्यांना जड. सहाव्यात गुहांची वर्णनं आणि आधीच्या घटनांची उजळणी इतकी आहे की पानं उलटत जाल. तिसऱ्यानंतर थांबलात तरी काही बिघडत नाही.

शास्त्र बरंच पुढे गेलंय, ते लक्षात ठेवून वाचा. औएलचे निअँडरथल, म्हणजे आपल्याहून वेगळे, आता नामशेष झालेले मानव, फारसं बोलत नाहीत, खुणा करतात. १९८३ मध्ये इस्राएलमधल्या केबारा गुहेत निअँडरथल माणसाचं जिभेमागचं हाड सापडलं, ते जवळजवळ आपल्यासारखंच होतं. त्यामुळे ते मुके होते हे गृहीत धरायला आधार राहिला नाही. दोन मानवांमध्ये संकर झाला, हे तिने अंदाजाने लिहिलं होतं. २०१० मध्ये निअँडरथल जनुकांचा आराखडा आल्यावर ते सिद्ध झालं. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, साधारण एक-दोन टक्के वारसा त्यांचा आहे. या कामासाठी स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

औएलच्या पहिल्या भागातला क्रेब हा पांगळा मांत्रिक निव्वळ कल्पनेतला नाही. इराकमधल्या शानिदार गुहेत एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याचा उजवा हात वाळलेला, डाव्या डोळ्याच्या बाजूला जबर मार लागलेला, आणि तरी तो त्या काळाच्या मानाने म्हातारा होईपर्यंत जगला होता. त्याच्यावरूनच क्रेब घडलाय. मृगनक्षत्र यांनी सांगितलेलं 'फेंगाड्या' आणि हा सांगाडा एकाच बैठकीत घ्या. त्याच गुहेतलं 'फुलांनी सजवलेलं दफन' मात्र पक्कं मानू नका. ते परागकण बिळं करणाऱ्या प्राण्यांनी किंवा मधमाश्यांनी आत नेले असावेत, असा आक्षेप आहे.

इंग्रजीत दोन पुस्तकं सुचवतो. विल्यम गोल्डिंग यांचं 'द इनहेरिटर्स' (१९५५) शेवटचा भाग सोडला तर निअँडरथलच्या डोळ्यांतून आहे. लोक नावाच्या नायकाला धनुष्यबाण माहीतच नाही. त्याच्या शेजारच्या झाडात बाण घुसतो तेव्हा त्याला वाटतं, झाडाला काडी फुटली. लेखक कुठेही समजावत नाही. म्हणून हे एकट्याने वाचताना लोक दमतात. एकत्र वाचा आणि दर काही पानांनी थांबून 'इथे प्रत्यक्षात काय घडलं?' असं विचारा. शेवटी नजर बदलते आणि तोवर ज्यांना आपण परके मानत होतो ते म्हणजे आपण, हे कळतं.

दुसरं फिनलंडचे जीवाश्मतज्ज्ञ ब्योर्न कुर्टेन यांचं 'डान्स ऑफ द टायगर', मूळ स्वीडिश १९७८. त्यांनी निअँडरथल गोरे आणि नवे आलेले आधुनिक मानव काळे दाखवले. त्या काळी ही कल्पना धीट होती. संकरातून झालेली संतती वांझ असावी ही त्यांची कल्पना मात्र जनुकांच्या पुराव्यापुढे टिकली नाही. गोष्ट सरळ आणि वेगवान आहे. गोल्डिंगवर अडलेल्यांना हे द्या.

ग्रंथपाल_निवृत्त

वाचनकट्टे मधेच बंद का पडतात याची कारणं ठरलेली असतात, म्हणून व्यवहाराचं बोलतो.

जाड पुस्तकाने सुरुवात करू नये. पहिल्या महिन्यात 'सत्तांतर', दुसऱ्यात 'फेंगाड्या', तिसऱ्यात 'व्होल्गा ते गंगा'च्या निवडक कथा. 'पर्व'ला दोन महिने द्या आणि युद्धाची तयारी पूर्ण होते तिथे पहिला थांबा घ्या. सगळं एका महिन्यात बसवायला गेलात की निम्मे लोक युद्धापर्यंत पोचत नाहीत. ते गप्प बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

प्रती कमी असतात ही दुसरी अडचण. 'फेंगाड्या' दुकानात सहज मिळेल असं धरून चालू नका, आधी ग्रंथालयात विचारा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. अशा जुन्या संग्रहांत दुकानांतून गेलेली पुस्तकं टिकून असतात. एकच प्रत मिळाली तर ती फिरवत बसू नका, दर आठवड्याला तासभर मोठ्याने वाचन ठेवा. तुटक संवादांचं पुस्तक ऐकायला जास्त सोपं जातं. संदर्भासाठी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करा.

अनुवाद घेताना आतलं पान उघडून तीन गोष्टी बघा: अनुवादकाचं नाव आहे का, कुठल्या भाषेवरून केलाय आणि 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतर' असा शब्द आहे का. आदिम कादंबरी संक्षिप्त करणारे सगळ्यात आधी हत्यारं, वनस्पती आणि स्वयंपाकाची वर्णनं कापतात. तुमचे लोक तर नेमके त्यासाठीच वाचतात.

मुलांबाबत स्पष्ट सांगतो. औएलच्या पहिल्या भागात बलात्काराचा प्रसंग आहे, दुसऱ्यापासून उघड शृंगार आहे. बारा-तेराच्या मुलांना ती मालिका देऊ नये. त्यांच्यासाठी मिशेल पेव्हर यांची 'वुल्फ ब्रदर' (२००४) आहे. सहा हजार वर्षांपूर्वीचं उत्तर युरोपातलं अरण्य, टोराक नावाचा मुलगा आणि लांडग्याचं पिल्लू. मारलेल्या प्राण्याचा कुठलाही भाग वाया घालवायचा नाही, हा तिथला नियम गोष्टीतच विणलेला आहे. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी.

मृगनक्षत्र

आजींसाठी आणखी एक: गो. नी. दांडेकरांचं 'जैत रे जैत'. काळ जुना नाही, पण लिंगोबाच्या डोंगरावरची मधाची पोळी, ठाकरांचं जगणं, भगत, पाप-पुण्याच्या कल्पना आणि राणी माशीशी वैर धरलेला नाग्या हे सगळं तुमच्या वाचकांच्या ओळखीचं निघेल. कड्यावरच्या पोळ्यापर्यंत माणूस कसा पोचतो हे वाचताना हाताला घाम येतो. अनेकांनी चित्रपट पाहिलेला असतो आणि पुस्तक राहून गेलेलं असतं.

पंचगंगाकाठ

खूपच उपयोगी. पौराणिक अंगाने अजून हवं. 'ययाति' कट्ट्यावर सतत सुचवली जाते. ती बसते का?

जुनी_पोथी

'ययाति' (१९५९) या वाचकांसाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. खांडेकरांना भूतकाळ उभा करायचाच नव्हता. भोगाच्या मागे धावणारा आजचा माणूस त्यांना दाखवायचा होता आणि त्यासाठी त्यांनी मूळ कथेत मनासारखे बदल केले, अलका हे पात्र स्वतः घडवलं. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापलं मन सांगतात. राजवाडा, अरण्य, आश्रम ही मागची पडदेवजा जागा आहे. ज्ञानपीठ मिळवणारी ही पहिली मराठी कलाकृती जरूर वाचा, पण वेगळ्या महिन्यात आणि वेगळ्या अपेक्षेने.

त्याऐवजी इरावती कर्वे यांचं 'युगान्त' (१९६७) घ्या. ते लेखांचं पुस्तक आहे, कादंबरी नाही. तरी 'पर्व'च्या जोडीला त्याच्याइतकं काही चालत नाही. कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या. गुजरातमधल्या लांघणज इथल्या अश्मयुगीन स्थळाच्या शोधकामात त्या पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर होत्या. त्यामुळे महाभारताकडे बघताना नातेसंबंध, जमीन, गुरं, अरण्य हे त्यांना आधी दिसतं.

त्यातला 'मयसभा' हा लेख कट्ट्यात मोठ्याने वाचा. खांडववन जाळण्याची गोष्ट आपण अग्नीची भूक म्हणून ऐकलेली असते. कर्वे विचारतात, कृष्ण आणि अर्जुन चहूबाजूंनी रान घेरून बाहेर पडणारा प्रत्येक जीव मारतात तो कशासाठी? नव्या वस्तीसाठी जमीन मोकळी करायला, आणि तिथे राहणाऱ्या नागांना हुसकायला. तक्षक तेव्हा तिथे नसतो म्हणून वाचतो. पुढे परीक्षिताला तोच मारतो आणि जनमेजय सर्पसत्र मांडतो. तीन पिढ्या चाललेलं हे वैर 'द इनहेरिटर्स'च्या शेजारी ठेवून वाचा. रान जाळणारे आणि रानात राहणारे यांची तीच गोष्ट आहे, फक्त आपल्याकडे ती जिंकणाऱ्यांच्या पोथीत नोंदली गेली.

मृगनक्षत्र

खांडववनाच्या गोष्टीत मला कायम शार्ङ्गक पक्ष्यांच्या पिलांपाशी थांबावंसं वाटतं. चार पिलं वाचतात. महाभारतकारांना ती नोंदवावीशी वाटली.

तांबडा_पांढरा

आणि मेलुहावाली मालिका? पोरं तीच वाचतात. गोष्ट इ. स. पू. १९०० ची आहे म्हणे.

कातळखूण

अमीश यांचं 'मेलुहाचे मृत्युंजय' वेगवान आहे आणि मुलांना वाचनाची गोडी लावते, ते चांगलंच. पण सिंधू संस्कृती तिथे पार्श्वभूमीचा रंग म्हणून येते. पात्रं आजच्यासारखं बोलतात, वागतात. औएलच्या वाचकाला त्यात हातांचं काम सापडणार नाही.

सिंधूच काय, ताम्रपाषाणयुगीन (दगडाबरोबर तांबं वापरणाऱ्या काळातल्या) महाराष्ट्रासाठीही मला पूर्ण समाधान देणारी मराठी कादंबरी सांगता येत नाही. नेमाड्यांच्या 'हिंदू' (२०१०) चा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा माणूस आहे, सुरुवात मोहेंजोदडोच्या उत्खननापासून होते, पण कादंबरी लगेच खानदेशातल्या गावात आणि कुटुंबात उतरते. जमिनीच्या थरांसारखं माणसाच्या आठवणींचं उत्खनन करणारं पुस्तक म्हणून ते घ्या, आदिम कादंबरी म्हणून नको. हिंदीत रांगेय राघव यांचं 'मुर्दों का टीला' (१९४८) थेट मोहेंजोदडोवर आहे. हिंदी वाचणाऱ्यांना द्या.

म्हणून मी म्हणेन, कादंबरीच्या जोडीला म. के. ढवळीकरांचं 'महाराष्ट्राची कुळकथा' ठेवा. घोड नदीकाठच्या इनामगावचं उत्खनन त्यांनी इतरांबरोबर केलं. तिथली वस्ती साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० ची. मेलेल्या लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसाचं प्रेत पुरताना घोट्याखालून पाय तोडायचे. एका दफनात चार पायांचा मातीचा मोठा रांजण आणि त्यात बसवलेला माणूस, तोही पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. त्याचे पाय मात्र तोडलेले नव्हते. तो प्रमुख असावा, असं मानतात. आधी चौकोनी ऐसपैस घरं होती. पुढे पाऊसमान घटलं तसं लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, गुरं आणि शिकार वाढली. पाण्यासाठी बांध आणि पाट काढलेला होता, तोही पुरला नाही. कादंबरीसाठी याहून तयार सामग्री कुठे मिळणार? कट्ट्यात कुणी लिहिणारं असेल तर त्याने हे हाती घ्यावं.

जुनी_पोथी

इनामगावातलीच आणखी एक वस्तू: मातीच्या डबीत ठेवलेली शीर नसलेली स्त्रीमूर्ती. शीर नसलेल्या मातृदेवीवरचं रा. चिं. ढेरे यांचं 'लज्जागौरी' वाचणाऱ्याला ती मूर्ती सोडत नाही. समजुतींच्या जगात रमणाऱ्यांनी ते घ्यावं. संदर्भांनी गच्च भरलेलं आहे. पहिल्या वाचनात तळटीपा सोडून द्या.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी पौराणिकात मेरी रेनॉल्ट यांचं 'द किंग मस्ट डाय' (१९५८). थिसिअसची ग्रीक कथा, पण 'पर्व'च्याच वाटेने, चमत्कार न वापरता. ठरावीक मुदतीनंतर राजाचा बळी देण्याची चाल, देवीचं राज्य, क्रीटमध्ये धावत्या बैलाच्या शिंगांवरून उड्या मारणारी पथकं. बैलाच्या उड्यांचं भित्तिचित्र नॉसॉसला प्रत्यक्ष सापडलेलं आहे. बैलासमोरच्या सरावाची पानं औएलच्या वाचकाला खिळवून ठेवतात. थिसिअसचं स्त्रियांबद्दलचं बोलणं खटकेल. ते त्या पात्राचं आहे हे धरून वाचावं लागतं.

ग्रंथपाल_निवृत्त

कोल्हापुरात आहात तर पुस्तकांबरोबर टाऊन हॉल म्युझियमची एक फेरी ठेवा. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, खाली सातवाहन काळाची वस्ती निघाली. तिथली रोमन बनावटीची पोसायडनची कांस्यमूर्ती या म्युझियममध्ये आहे. पंचगंगेच्या काठी समुद्रदेव कसा आला असेल यावर कट्ट्यातल्या मुलांना दोन पानं लिहायला सांगा.

कातळखूण

फेरीच काढायची तर अणुस्कुरा घाटाने राजापूर तालुक्यात उतरा. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी ही सगळी कातळशिल्पांची गावं तिकडचीच. कशेळीचा हत्ती इतका प्रचंड आहे की त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. कोकणात आज नसलेला गेंडाही कातळशिल्पांत भेटतो. २०२२ मध्ये कोकण आणि गोव्यातली नऊ स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

पावसाळ्यात जाऊ नका. सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, पाणी साचतं, रेषा शेवाळाखाली जातात. दिवाळीनंतर गवत वाळलं की जा. वेळ सकाळी लवकरची किंवा उतरत्या उन्हाची. तिरपा प्रकाश असला की रेषांत सावली पडते आणि आकार उठून दिसतो. भर दुपारी त्याच जांभ्या दगडावर समोर उभं राहूनही काही दिसत नाही. फोटोसाठी खडू किंवा रांगोळी भरू नका, कोरीव भागावर पाय देऊ नका, आणि गावातलं माहीतगार माणूस बरोबर घ्या. त्याच्याशिवाय सड्यावर भटकत राहाल.

पंचगंगाकाठ

पहिले दोन महिने ठरले: 'सत्तांतर', मग 'फेंगाड्या'. मुलं 'वुल्फ ब्रदर' घेतायत. 'पर्व'साठी वंशावळ करून प्रत्येकाला वाटावी म्हणतो. जुनी_पोथी, काही सूचना?

जुनी_पोथी

छापील वंशावळ तशीच वाटू नका, त्यात एकच रेघ असते. 'पर्व' वाचताना प्रत्येक माणसाला दोन बाप लागतात, जन्म देणारा आणि नाव देणारा. मोठा कागद घ्या, जन्माची रेघ लाल काढा, नावाची निळी. धृतराष्ट्र आणि पंडू यांची लाल रेघ व्यासांकडे जाईल, निळी विचित्रवीर्याकडे. विदुराची लाल रेघ व्यासांकडे, पण आई दासी म्हणून निळी कुठेच जोडता येणार नाही. ती जागा मोकळी ठेवा, विदुर का बोलतो आणि का ऐकलं जात नाही ते तिथे दिसतं. पांडवांची निळी रेघ पंडूकडे काढा. लाल रेघ तेवढी वाचकाने स्वतः भरायची, पुस्तकात तो भाग येईल तेव्हा. कर्णाचं नाव मात्र आधी लिहूच नका. स्त्रियांच्या नावाखाली माहेरचा देश लिहा, कारण मद्राची कन्याशुल्काची (मुलीसाठी वराकडून मोल घेण्याची) चाल आणि कुरूंची रीत वेगळी आहे, आणि कादंबरी सुरूच शल्याच्या घरातल्या त्या पेचापासून होते. अ-तीन आकाराचा कागद लागेल, अ-चारवर सत्यवतीच्या खाली गर्दी होते.